गॅलरीला ग्रिल, तशी गाडीत सीट

(गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात केलेलं हे भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे; बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरी साहेब मला म्हणाले होते, "काका, तुम्ही बँकेत होता, तेव्हा निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, त्या विषयावर बोलणारे आपल्याकडे प्रत्येक विंगमध्ये दोन-दोन आहेत, आणि त्यांचं ऐकून कोणी एक मुदत ठेव मोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मला वेगळ्याच विषयावर बोलायचंय. लहान मुलाला गाडीत कुठे आणि कसं बसवायचं, हा तो विषय. हसू नका. दीड वर्षापूर्वी मीही हसलो असतो. खरं म्हणजे हसलोच होतो, आणि तेच सांगायला आज उभा आहे.

आमचे चिरंजीव आणि सूनबाई आमच्याबरोबरच राहतात, हे तुम्हाला माहीत आहे. नातूही माहीत आहे. जिन्यात ज्याचा आवाज येतो तो. त्याच्या जन्माच्या आधी, सूनबाईंना सातवा महिना असताना, एका सकाळी त्या म्हणाल्या, "बाबा, बाळासाठी कार सीट घ्यायला हवी." मी पेपर वाचत होतो. किंमत विचारली. त्यांनी सांगितली. मी म्हटलं, "एवढ्यात आमच्या लग्नाचं जेवण झालं होतं. आणि आजीची मांडी असताना प्लास्टिकची खुर्ची कशाला?" वर पुरावाही दिला. "या तुझ्या नवऱ्याला मी चेतकवर पुढे उभं करून सदाशिव पेठेतून हडपसरला न्यायचो. काही झालं का?"

सूनबाई काही बोलल्या नाहीत. चिरंजीव म्हणाले, "बघू पुढे." आमच्या घरात "बघू पुढे" म्हणजे नाही.

आता माझा पुरावा बघा. मी चौतीस वर्षं कर्जाची प्रकरणं तपासली. एखादा अर्जदार येऊन म्हणाला असता, "साहेब, आजवर माझा एकही हप्ता चुकला नाही, तेव्हा तारण मागू नका," तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. आजवर काही झालं नाही, हे तारण होत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मला हे पक्कं माहीत होतं. स्वतःच्या नातवाच्या बाबतीत मी तेच कारण देऊन प्रकरण निकालात काढलं.

नातू चौदा महिन्यांचा असताना आम्ही एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीहून परत येत होतो. चिरंजीव गाडी चालवत होते, मी पुढे, पट्टा लावून. मागे आमची सौ., तिच्या मांडीवर नातू, शेजारी सूनबाई. मागे कोणी पट्टा लावलेला नव्हता. मागे कोण लावतो? वेग फार तर चाळीस असेल. गल्लीतून एक दुचाकी एकदम आडवी आली आणि चिरंजीवांनी करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली. कुठेही धडक नाही, ओरखडा नाही, दुचाकीवाला मागे वळूनही न बघता गेला.

पण मागे सौ. पुढे फेकली गेली. नातू तिच्या हातातून निसटून माझ्या सीटच्या पाठीवर आपटला, आणि ती त्याच्यावर. मला माझ्या पाठीत तो धक्का जाणवला. एवढंसं पोर, पण काय धक्का होता तो! क्षणभर त्याचा आवाजच नाही. मग तो रडला, आणि त्या रडण्याने आम्हाला जो आनंद झाला तसा कधी झाला नसेल.

डॉक्टरांनी तपासलं. कपाळावर टेंगूळ होतं, बाकी काही नाही. दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. चार-पाच दिवसांत टेंगूळही गेलं. पण सौ.चं काही गेलं नाही. "मी घट्ट धरलं होतं हो," हे एकच वाक्य ती महिनाभर म्हणत होती. नातवाला उभ्याने कडेवर घेईना. आधी खाली बसायची, मग म्हणायची, "दे आता." त्याला घेऊन गॅलरीत जाणं तर तिने बंदच केलं.

सूनबाईंनी एका शब्दाने दोष दिला नाही, ना तिला ना मला. आम्हाला तेच जड जात होतं. एका संध्याकाळी मात्र त्या सौ.जवळ बसून म्हणाल्या, "आई, तुमच्या हातून सुटला असं समजू नका. कोणाच्याच हातात राहिला नसता."

मला वाटलं, समजूत घालताहेत. त्या रात्री मला झोप येईना, म्हणून कागद घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, तेवढं अजून आठवतं. तो हिशेब तुम्हालाही सांगतो, कारण माझं मत त्याने बदललं. कोणाच्या उपदेशाने नव्हे.

दहा मीटर उंचीवरून एखादी वस्तू सोडली, तर जमिनीवर आपटताना तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटर असतो. दहा मीटर म्हणजे आपल्या बिल्डिंगमध्ये किती? एक मजला तीन मीटरचा धरा. म्हणजे साधारण तिसरा मजला. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरच आहे. पन्नासच्या वेगात गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आत मोकळं असलेलं मूल त्याच पन्नासच्या वेगाने पुढे जातं. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडण्याइतकाच वेग. ताशी ऐंशीला हीच उंची पंचवीस मीटर होते, म्हणजे आठ मजले. द्रुतगती मार्गावरच्या शंभरला जवळजवळ चाळीस मीटर, तेरा मजले. आपली बिल्डिंग तेवढी उंचही नाही.

आता हाताचं बघू. मूल दहा किलोचं, वेग पन्नास, आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबायचं. त्याला धरून ठेवायला लागणारा जोर येतो सुमारे एकशे चाळीस किलो वजनाइतका. म्हणजे जवळजवळ तीन सिमेंटच्या गोण्या एकदम अंगावर आल्यासारख्या. पैलवानालाही जमणार नाही, आमच्या सौ.ला गुडघ्याचं दुखणं आहे. आणि धरणारा स्वतः पट्ट्याशिवाय असला, तर तोच मुलावर जाऊन आदळतो. आमच्या गाडीत नेमकं तेच झालं, तेही नुसत्या ब्रेकने.

सकाळी तो कागद मी सौ.ला दाखवला. तिला आकडे कळले नाहीत असं ती म्हणाली, पण कागद घडी करून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मग मी सूनबाईंकडे गेलो आणि म्हटलं, "त्या वेळी तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं." पंचाहत्तरीत हे वाक्य बोलायला जरा वेळ लागतो. त्या म्हणाल्या, "बाबा, आता चांगली बघून घेऊ या."

जुन्या सभासदांना पहिल्या वर्षीची सर्वसाधारण सभा आठवत असेल. गॅलरीला ग्रिल बसवायचं की नाही, बसवलं तर बाहेर काढायचं की आत, रंग कोणता, यावर तीन तास चर्चा झाली. बिल्डिंगचं रूप बिघडेल असं काहींचं म्हणणं होतं. शेवटी एक काकू उठून म्हणाल्या, "माझं पोर रांगायला लागलंय, रूप नंतर बघा." ठराव एकमताने पास झाला. "मी मुलाला घट्ट धरून उभी राहीन, ग्रिल कशाला," असं कोणीही म्हणालं नाही. आज एकही गॅलरी ग्रिलशिवाय नाही. आणि खाली पार्किंगमध्ये बघा. त्याच घरांतल्या गाड्या, त्यांत तीच मुलं, आणि ग्रिल किती गाड्यांत आहे? मी मोजलंय, पण आकडा सांगत नाही. सणाचा दिवस आहे.

तर आम्ही सीट कशी निवडली ते सांगतो.

पहिली गोष्ट, सीट वयावर घ्यायची नाही, वजनावर आणि उंचीवर घ्यायची. दुकानात विचारतात, "किती महिन्यांचा?" त्याने काही ठरत नाही. डॉक्टरांच्या कार्डावरचं ताजं वजन आणि उंची लिहून न्या.

दुसरी गोष्ट, मानकाचं लेबल. सीटवर युरोपच्या मानकाची खूण असते. जुनं मानक आर ४४, त्यात वजनाप्रमाणे गट आहेत. नवं आर १२९, त्यात उंचीप्रमाणे. आपल्याकडचं मानक आहे एआयएस ०७२. यातली गंमत म्हणजे ही एआयएस मानकं प्रसिद्ध करणारी संस्था एआरएआय. तुम्ही रोज सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जाता, तिला जिचं नाव पडलंय तीच. देशभरातल्या गाड्यांचे नियम आपल्या शेजारच्या टेकडीवरून निघतात आणि आपण तिथे फक्त वजन कमी करायला जातो. लेबल नसेल तर ती सीट म्हणजे नुसती खुर्ची. दिसायला कितीही गुबगुबीत असो, घेऊ नका.

तिसरी गोष्ट, तोंड मागे. हे आमच्या घरात कोणालाच पटेना. मूल मागच्या काचेकडे तोंड करून बसवायचं, म्हणजे त्याला रस्ता दिसणार नाही, आई दिसणार नाही. पण कारण ऐका. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान कोवळी. पुढे तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ या सगळ्यांना एकदम सांभाळते. स्वीडनमध्ये बर्टील आल्डमन नावाच्या प्राध्यापकांना ही कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली, आणि १९६४ साली त्यांच्या पहिल्या नमुन्याची व्होल्वो गाडीत चाचणी झाली. म्हणजे हे काल-परवाचं फॅड नाही. मी बँकेत लागायच्या आधीचं आहे.

आम्ही घेतलेली सीट मागे तोंड करून तेरा किलोपर्यंत चालते, आणि पुढे तोंड करून नऊ ते अठरा किलोपर्यंत. हा नऊचा आकडा फसवा आहे. नऊ किलो झाले की लोक सीट फिरवून टाकतात. फिरवता येते म्हणजे फिरवावी असं नाही. मागे तोंड ठेवण्याची मर्यादा संपेपर्यंत तशीच ठेवावी, मगच फिरवावी. पाय दुमडतात म्हणून काळजी करू नका. मुलं मजेत मांडी घालून बसतात. आपल्यालाच आता खाली बसता येत नाही.

चौथी गोष्ट, आपली गाडी. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या सांध्यात आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या असतात. तशी सीट घेतली तर ती त्यात खटकन बसते, आणि वर एक पट्टा किंवा खाली एक पाय असतो, तोही लावावाच लागतो. तो पट्टा कंपनीने दिलेल्या हुकालाच लावायचा, सामान बांधायच्या हुकाला नाही. आमची गाडी जुनी, तिला कड्या नाहीत. म्हणून गाडीच्या बेल्टने बांधायची सीट घेतली. यासाठी गाडी घेऊनच दुकानात जा. कधी बेल्ट आखूड पडतो, कधी सीट बसवल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आम्ही डाव्या बाजूला, मागे, बसवली. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे येतो, त्यामुळे मुलाला उतरवताना रस्त्यात उभं राहावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंडाची सीट कधीही लावायची नाही. एअरबॅग उघडली की ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे आदळते. मोठ्यांना वाचवणारी वस्तू तिथे घातक ठरते.

पाचवी, वापरलेली सीट. ओळखीची, घरातली असेल, अपघातातून गेलेली नाही याची खात्री असेल, मुदत संपलेली नसेल आणि पुस्तिका सोबत असेल तर घ्या. अनोळखी माणसाकडून स्वस्तात नको. तडा प्लास्टिकच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही. बँकेत आम्ही जमिनीचा मागचा इतिहास काढल्याशिवाय कर्ज देत नसू, तसंच हे.

सीट घरी आली. दुकानातल्या मुलाने बसवून दिली होती. सौ.ने प्रेमाने एक गोधडी शिवली, तिची घडी सीटच्या खाली घातली, गाडीच्या कव्हरला वळ पडू नयेत म्हणून. दुसरी छोटी गोधडी नातवाच्या पाठीशी, टोचू नये म्हणून. मी रोज सगळ्यांना सांगत होतो, आमच्याकडे कार सीट आहे. तीन महिने असं चाललं.

मग एक दिवस आपल्या सी विंगमधली एक मुलगी पार्किंगमध्ये भेटली. ती गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी कौतुकाने सीट दाखवली. तिने सीट दोन्ही हातांनी धरली, खालून, जिथून बेल्ट जातो तिथे, आणि हलवली. मंडळी, ती सीट वीतभर सरकली. ती हळूच म्हणाली, "आजोबा, पुस्तिका वाचली का?" मी गप्प. आयुष्यभर मी ग्राहकांना सांगत आलो, सही करण्याआधी अटी वाचा. आणि नातवाच्या सीटची पुस्तिका अजून पिशवीत, न उघडलेली!

तिने तिथेच, उन्हात, सगळं पुन्हा बसवलं आणि मला शिकवलं. ते क्रमाने सांगतो, लिहून घ्या.

एक. सीटच्या खाली काही नाही. गोधडी, उशी, जाड टॉवेल, काहीही नाही. धडकेत ती दबते आणि तेवढा बेल्ट सैल होतो.

दोन. गाडीचा बेल्ट सीटवर दाखवलेल्या खाचेतूनच जायला हवा. मागे तोंडासाठी निळ्या खुणा, पुढे तोंडासाठी लाल. आमच्या बेल्टचा खांद्याकडचा भाग निळ्या खाचेतून घेतलाच नव्हता.

तीन. बेल्टचं बक्कल लावल्यावर सीटवर हाताने, जमलं तर गुडघ्याने, सगळा भार द्यायचा आणि बेल्ट वर ओढून ढिलाई काढायची. मग बेल्टच्या जागी सीट धरून हलवायची. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

चार. सीटचे स्वतःचे पट्टे. मागे तोंड असताना ते मुलाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघावेत. पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. पट्टे ओढून झाल्यावर खांद्याजवळ चिमटीत पट्टा धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर सैल आहे. घसरून गेली तर बरोबर.

पाच. मुलाच्या पाठीशी गोधडी नाही आणि पट्ट्याखाली जाड स्वेटर नाही. थंडी असेल तर आधी पट्टे आवळायचे, मग वरून पांघरूण घालायचं. सौ.ची गोधडी अशी वाया गेली नाही; नातू तीच पांघरून झोपतो.

सहा. गाडी उन्हात उभी असेल तर सीटवर पंचा टाकून ठेवा. बक्कलचं लोखंड चटका देतं. आणि मूल गाडीत एकटं कधीच ठेवायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

यात मी बँकेतला एक नियम घातला. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याने तिजोरी उघडत नाही. त्यात एकावर अविश्वास नसतो. चूक सगळ्यांकडून होते, एवढंच. आमच्या घरात आता एकाने पट्टे लावायचे आणि दुसऱ्याने चिमटीने तपासायचं. सौ. तपासते. लावतो मी, आणि ती मला दोनदा तरी परत लावायला लावते. तिच्या मनातलं ओझं त्यामुळेच थोडं उतरलं असं मला वाटतं. "मी धरलं होतं"च्या जागी आता ती म्हणते, "मी तपासलंय."

रडणं? रडला ना. पहिल्या दिवशी गेटपासून कर्वे पुतळ्यापर्यंत रडला. सौ.चे डोळे भरले, म्हणाली, "काढा हो त्याला." सूनबाई म्हणाल्या, "आई, इंजेक्शनलाही रडला होता." मग आम्ही एक युक्ती केली. दोन दिवस सीट घरात दिवाणखान्यात ठेवली, तो तिच्यात बसून पोहे खायचा. मग गाडीत, फक्त कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत. मग थोडं लांब. एकदाही अपवाद केला नाही, कारण मुलं वसुली अधिकाऱ्यापेक्षा चिवट असतात; एकदा सूट दिली की दर वेळी मागतात. पंधरा दिवसांत तो स्वतः सीटकडे बोट दाखवायला लागला. आता माझा पट्टा लावायचा राहिला तर ओरडतो.

कायद्याचंही सांगतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात जे बदल झाले, त्यात कलम १९४-बी आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. २०२२ साली दुचाकीसाठीही नियम आला: चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि वेग चाळीसच्या आत. माझ्या चेतकच्या पुराव्याची किंमत काय होती ते यावरून कळेल. २०२३ मध्ये आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं. त्यात गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेचे वेगळे आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे तारे मिळतात. मुलांची चाचणी दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या सीटमध्ये बसवून घेतात. नवी गाडी घेताना मायलेज विचारता तसे मुलांचे तारेही विचारा.

आता रिक्षाचं काय, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. खरं सांगतो, रिक्षात याला उत्तर नाही. तिथे पट्टाच नसतो. म्हणून आम्ही नातवाला घेऊन जवळचं असेल तर चालत जातो, लांबचं असेल तर आपल्या गाडीने. पण रिक्षात जमत नाही म्हणून गाडीतही नको, हा हिशेब बरोबर नाही. जिथे होतं तिथे तरी करू.

आणि एक विनंती, ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना. आपल्या सोसायटीत अशी घरं पुष्कळ आहेत. तिकडे ही नातवंडं सीटशिवाय गाडीत बसतच नाहीत. डिसेंबरात ती मुंबईच्या विमानतळावर उतरतात, आणि तिथून पुण्यापर्यंत द्रुतगती मार्गाने, मध्यरात्री, आजीच्या मांडीवर येतात. तिकडे वर्षभर जपलेलं मूल इकडच्या वेगवान रस्त्यावर मोकळं. आजीला नातवाला कुशीत घ्यायचं असतं, दोन वर्षांनी भेटलेलं असतं, मला समजतं. पण कुशीत घ्यायला घर आहे. रस्त्यावरचे तीन तास द्या त्याला त्याच्या सीटमध्ये.

यासाठी मी एक सूचना मांडतो. आपल्याकडे सोसायटीची शिडी आहे, घडीच्या खुर्च्या आहेत, मोठी पातेली आहेत, आणि कोणी काय नेलं याची वही आहे. आमचा नातू काही दिवसांत तेरा किलो होईल, मग सीट फिरवू. अठरा झाला की त्याला बूस्टर लागेल, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जावा म्हणून उंची देणारं आसन. त्यानंतर ही सीट मी सोसायटीला देईन, मुदत असेपर्यंत. सोबत पुस्तिका, खरेदीची पावती आणि एक वही. वहीत प्रत्येकाने लिहायचं: कधी नेली, कोणत्या गाडीत लावली, अपघात झाला का. अपघात झाला असेल तर सीट कोणाला द्यायची नाही, मोडून टाकायची. लावल्यावर तपासणाऱ्याची सही हवी. त्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. सी विंगच्या इंजिनिअर ताईंनी महिन्यातल्या एका रविवारी पार्किंगमध्ये येऊन सीट बसवून दाखवायचं कबूल केलंय. कमिटीने हो म्हटलं तर वही मी सांभाळीन. वही सांभाळण्याचा मला अनुभव आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा रंग, लिफ्ट, पाणी यांच्या आधी ग्रिलचा ठराव केला, कारण मुलं लहान होती. ती मुलं मोठी झाली. आता त्यांची मुलं आली आहेत. ठराव जुनाच आहे. गाडीपर्यंत तो न्यायचा राहिला होता, एवढंच.

जाता जाता, आमच्या सौ.ने मला एक गोष्ट सांगायला बजावलंय. ती तिथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. ती म्हणते, "सगळ्या आज्यांना सांगा, सीट म्हणजे आपल्या हातांवर अविश्वास नाही. आपल्या हातांना विश्रांती आहे."

आणि हो, मागच्या सीटवर बसल्यावर आजी-आजोबांनीही पट्टा लावायचा.

गणपती बाप्पा मोरया!